एच-वन-बीवर असताना स्वस्तातली छऱ्याची बंदूक घेणं: टेक्सासमधला माझा अनुभव

आधीच सांगते, ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप आहे त्यांना यातला व्हिसाच्या कागदांचा भाग लागणार नाही, त्यांनी सरळ हंटर एज्युकेशनपर्यंत उडी मारली तरी चालेल. बाकी हे सगळं आमच्यासारख्यांसाठी, जे ग्रीन कार्डसाठी ईबी-टूच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे आहेत आणि ज्यांना प्रत्येक फॉर्म भरताना पोटात गोळा येतो.

मी डॅलसच्या उत्तरेला राहते. मी आणि नवरा दोघंही आयटीत, दोघंही एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर), मुलगी दुसरीत. बंदुकीशी माझा संबंध म्हणाल तर कणकवलीला आजोबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, ती वर्षभर माजघरात टांगलेली असायची आणि निवडणूक लागली की आजोबा ती पिशवीत गुंडाळून पोलीस स्टेशनात जमा करून यायचे. आम्हा पोरांना तिला हात लावायची परवानगी नव्हती, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय घरात कुणी काढतही नसे.

आता गरज कशी पडली ते. माझी मावसबहीण (मी तिला ताईच म्हणते) आणि भावोजी, यांनी बॉनमच्या पुढे फॅनिन काउंटीत २२ एकर जागा घेतलीय. टेक्सासमध्ये जागेवर खरी शेती किंवा जनावरं असतील तर प्रॉपर्टी टॅक्स जागेच्या शेतीच्या मूल्यावर लागतो, तो फरक मोठा असतो, म्हणून आपल्याकडचे बरेच जण हल्ली जागा घेतली की काहीतरी पाळतात. मधमाश्या सगळ्यात सोप्या पण तो पर्याय ५ ते २० एकरांपर्यंतच आहे, यांचे २२, त्यामुळे शेळ्या आल्या. आणि शेळ्या आल्या की कायोटी आलेच. दिसायला आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधलं प्रकरण, वजनाला मध्यम आकाराच्या कुत्र्याएवढं, आणि अक्कल दोघांपेक्षा जास्त. फेब्रुवारी २०२४मध्ये पहिली करडं झाली आणि तिथून एकेक गायब व्हायला लागलं. झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यात पहाटेचे फोटो आले तेव्हा ताईने मला नुसते फॉरवर्ड केले, खाली काही लिहिलं पण नाही.

भावोजींच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, ताई फटाक्याच्या आवाजालाही कानावर हात ठेवते. मी जवळपास दर वीकेंडला तिकडे असते. आणि खरं सांगायचं तर मलाच शिकायचं होतं, करडं हे निमित्त झालं.

तर पहिली गोष्ट जी मला मार्चमध्ये वाचताना कळली: व्हिसावर आलेल्या माणसाला, म्हणजे एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, सगळ्यांना, अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूकच काय, एक काडतूससुद्धा जवळ बाळगायला मनाई आहे. मनाईला अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा एकच, की तुमच्याकडे कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर तुम्ही बंदूक घेऊ आणि बाळगू शकता. हे ऐकायला उलटं वाटतं, आधी शिकारीचा परवाना आणि मग बंदूक, पण तसंच आहे. मी नुसत्या वाचण्यावर विश्वास ठेवला नाही, इमिग्रेशन वकिलाकडे अर्ध्या तासाचा वेळ घेतला, १५० डॉलर गेले, आणि या सगळ्या प्रकरणात सगळ्यात वसूल झालेले पैसे हेच.

वकीलबाईंनी सांगितलेलं इथे लिहून ठेवते. एक, लायसन्स चालू असलं पाहिजे. टेक्सासचं लायसन्स कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला तुमच्याकडे नवीन लायसन्स नसेल आणि कपाटात बंदूक असेल तर त्या दिवशी तुम्ही फेडरल गुन्हा करताय, शिकारीला गेलात की नाही याचा संबंध नाही. नवीन लायसन्स १५ ऑगस्टपासून विकायला लागतात, आपल्याला तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे, झेंडावंदनाचे व्हॉट्सॅप आले की दुकानात जायचं. दोन, नवऱ्याकडे लायसन्स नाही, म्हणजे त्याच्यासाठी मनाई जशीच्या तशी आहे, त्यामुळे बंदुकीच्या कपाटाची किल्ली किंवा नंबर त्याच्याकडे असता कामा नये. एकाच घरात राहतो म्हणून चालतं असं अजिबात नाही. तीन, व्हिसा स्टॅम्पिंगच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये शस्त्रास्त्रं, स्फोटकं वगैरेचं विशेष प्रशिक्षण घेतलंय का असा प्रश्न असतो, तो पुढच्या वेळी भरताना आधी त्यांना फोन करायचा, स्वतःच्या मनाने काही टिक करायचं नाही. आणि चार, त्यांनी विचारलं, नोकरी गेली तर बंदुकीचं काय करणार? यावर मी त्या दिवशी गप्प बसले, त्याबद्दल शेवटी लिहिते.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे माझ्याच घरात एक कपाट मला बंद?" मी म्हणलं हो. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती थोडा वेळ बघतच राहिली आणि मग म्हणाली, आजोबांवर गेलीस.

हंटर एज्युकेशन. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार करायची तर हा कोर्स लागतो. १७ किंवा जास्त वयाच्यांना नुसता ऑनलाइन करता येतो, पण मी वर्गातला घेतला, १५ डॉलर, शनिवारचा दिवस, एका छोट्या गावच्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये. माझं ठाम मत, आयुष्यात बंदूक हातात न धरलेल्यांनी वर्गातलाच घ्यावा. शिकवणारे स्वयंसेवक असतात, आमचे एक निवृत्त आजोबा होते. बाकीचे विद्यार्थी म्हणजे दहा-बारा वर्षांची पोरं आणि त्यांचे बाप, त्यात मी एकटी कुर्ता घालून. शिकवणाऱ्या आजोबांनी सांगितलं की कोर्स एवढा स्वस्त आहे कारण १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने प्रत्येक लांब बंदुकीवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा राज्यांकडे वन्यजीवांसाठी आणि अशा प्रशिक्षणासाठी येतो. म्हणजे नंतर मी काडतुसं घेताना कुरकुरले की हे आठवायचं.

वर्गात सगळ्यात जास्त वेळ गेला तो कुंपण ओलांडण्यावर. हसू नका. बंदूक रिकामी करायची, ॲक्शन (काडतूस बसतं तो भाग) उघडी ठेवायची, कुंपणाच्या खालून पलीकडे सरकवून ठेवायची, नळीचं तोंड आपल्यापासून लांब, मग आपण दुसऱ्या बाजूने ओलांडायचं आणि दस्त्याकडून उचलायची. डमी बंदूक घेऊन आम्ही हे परत परत केलं, आणि आजोबा प्रत्येक वेळी एकच विचारायचे, आत्ता नळी कुठे बघतेय? दुसरी कामाची गोष्ट म्हणजे कुठला डोळा जोरदार आहे ते तपासणं. दोन्ही डोळे उघडे ठेवून अंगठा लांबच्या दिव्यावर धरायचा, मग एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने अंगठा जागचा हलत नाही तो तुमचा डोळा. मी डावखुरी आहे आणि डोळाही डावा निघाला, हे पुढे बंदूक निवडताना फार महत्त्वाचं ठरलं. परीक्षा सोपी असते, पुस्तक वाचलं असेल तर काही अडत नाही. सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं आणि दुसऱ्या राज्यांतही मानतात.

मग मे महिन्यात लायसन्स. टेक्सासमध्ये सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहात असाल तर तुम्ही रहिवासी धरले जाता, व्हिसा कुठला हे इथे बघत नाहीत. रहिवाशाचं हंटिंग लायसन्स २५ डॉलर, बाहेरच्यांना तेच ३१५. खेळाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर मिळतं, ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. मेमध्ये काढलं म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांसाठी पूर्ण पैसे गेले, पण त्याशिवाय बंदूक घेता येत नव्हती, आणि मला उन्हाळ्यात सराव करायचा होता.

आता बंदूक. यूट्यूबवर गेलात तर संपलात, तिथे प्रत्येकाचा देव वेगळा. मी गरज लिहून काढली: कायोटीसाठी जवळून चालेल, सशासाठी चालेल, सप्टेंबरात डव्हसाठी (आपल्या होल्यासारखा पक्षी) चालेल, आणि सगळं मिळून ३०० डॉलरच्या आसपास. टेक्सासमध्ये कायोटी आणि ससे दोघांनाही बंद हंगाम नाही, वर्षभर चालतात, त्यामुळे एकच बंदूक सगळीकडे वापरायची तर छऱ्याची पंप ॲक्शन (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून पुढचं काडतूस भरायची), यावर मात्र सगळ्यांचं एकमत दिसलं. सेमी-ऑटो त्या पैशात विश्वासाच्या मिळत नाहीत, आणि तुर्कस्तानातून येणाऱ्या एकनळी बंदुका खूप स्वस्त असतात पण हलक्या असल्यामुळे दणका जबरदस्त बसतो आणि दुसरा बार पटकन टाकता येत नाही.

स्वस्त पंपमध्ये नाव सतत येतं ते मॅव्हरिक ८८. मॉसबर्गचीच धाकटी पाती, इथे टेक्सासमध्येच ईगल पासला जोडतात, नवी साधारण अडीचशे डॉलरच्या आत-बाहेर. तिची मोठी बहीण मॉसबर्ग ५००, १९६०च्या दशकापासून चालू आहे, नवी चारशेच्या पुढे. रेमिंग्टन ८७० त्याहून जुनी, पण कंपनी २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली, त्यामुळे तिच्यात लोक शक्यतो जुना माल शोधतात. मी मॅव्हरिकवर जवळजवळ पैसे लावलेच होते. मग दुकानात हातात घेतली आणि दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे दस्ता. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर सव्वाचौदा इंच, माझी उंची पाच फूट दोन. खांद्याला लावली की दस्ता काखेत अडकायचा आणि मान पुढे ताणायला लागायची. दुसरं म्हणजे सेफ्टीचं बटण चापाच्या पुढे आडवं, उजव्या हाताच्या बोटासाठी केलेलं. ८७०चं चापाच्या मागे, पण तेही उजव्या हातासाठीच. मॉसबर्ग ५००ची सेफ्टी मात्र वर, दस्ता सुरू होतो तिथे मधोमध, अंगठ्याने पुढे सरकवायची, डावा काय उजवा काय सारखंच. डावखुऱ्यांनो, हे आधी बघा, किंमत नंतर.

मग बारा बोअर की वीस हा वाद. बोअर म्हणजे नळीचं माप, आकडा लहान तितकी नळी मोठी. कायोटीसाठी बारा बरी यात वाद नाही, छर्रे जास्त मावतात, ४० यार्डांपर्यंत भरवसा ठेवता येतो. पण बारा बोअरच्या हलक्या पंपमधून तीन इंची जड काडतूस मारलं की माझ्या अंगकाठीचा माणूस दुसऱ्या बाराला डोळे मिटतो, मी रेंजवर भाड्याच्या बंदुकीने हे करून बघितलं. वीसमध्ये अंतर कमी करायला लागतं, ३० यार्ड धरून चाला, पण डोळे उघडे राहतात. मी वीस घेतली. अजून एक गोष्ट वर्गात सांगितलेली: वीसची काडतुसं पिवळ्या रंगाची असतात, मुद्दाम, कारण वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत गेलं तर पुढे सरकून अडकतं, आणि त्याच्या मागून बाराचं मारलं तर नळी फुटते. एका घरात दोन्ही बोअर असतील तर काडतुसं वेगळ्या खोलीत ठेवा, आणि एकाच खिशात तर कधीच नको.

म्हणजे हवी होती मॉसबर्ग ५००, वीस बोअर, आखूड दस्त्याची, जिला ते बँटम म्हणतात. नवी माझ्या बजेटच्या बाहेर, म्हणून सेकंडहँड. अशा बंदुका मुलांसाठी घेतात, पोरं दोन वर्षांत उंच होतात आणि ती विकायला येते, त्यामुळे कमी वापरलेल्या मिळतात. शाळेच्या गणवेशासारखं आहे हे.

पहिल्या मोठ्या दुकानात (नाव लिहीत नाही) अशी एक होती. काउंटरवरच्या मुलाने ड्रायव्हिंग लायसन्स बघितलं, त्यावर मुदतीचा शिक्का होता, मग मॅनेजरला बोलावलं. मी हंटिंग लायसन्स, पासपोर्ट, आय-७९७ (एच-वन-बी मंजुरीची नोटीस), सगळं पुढे ठेवलं, कायद्याचा अपवाद सांगितला, तो म्हणाला असेल, पण आमची पॉलिसी आहे, व्हिसावाल्यांना आम्ही विकत नाही. दुकानाला तो अधिकार आहे, वाद घालून उपयोग नाही. पण मागे उभे असलेले लोक ऐकत होते, मला कानात गरम झालं, आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून मी थोडा वेळ एसी लावून नुसती बसले. टिप: आधी फोन करा आणि सरळ विचारा, नॉन-इमिग्रंट व्हिसा आणि हंटिंग लायसन्स आहे, तुम्ही विकता का.

फोन करत करत एका गावातलं छोटं दुकान मिळालं, मालक सत्तरीचा, फोनवरच म्हणाला हो येते ती केस, आय-९४ची (देशात आल्याच्या नोंदीची) प्रिंट आण. शुक्रवार ७ जून २०२४ला मी अर्धा दिवस सुट्टी टाकून गेले.

त्याच्याकडे बँटम होती, २७५ डॉलर. सेकंडहँड कशी बघायची ते त्यानेच दाखवलं. पुढची टोपी फिरवून नळी काढली, दाराकडे धरली आणि म्हणाला आत बघ. आत आरशासारखी गोल गोल चमक, आणि कडेला तोंडाजवळ प्लॅस्टिकचे राखाडी ओरखडे. ते साफ होतात, काळजीचं नाही. काळजी करायची ती गंजाच्या खड्ड्यांची, काळे ठिपके पुसूनही जात नाहीत ते. मग चोक, म्हणजे तोंडाशी बसणारी, छऱ्यांचा पसारा आवळणारी पेचाची नळी, ती चावीने फिरते का बघायचं, अनेकांनी कधीच काढलेली नसते आणि गंजून घट्ट बसलेली असते. हिची दुसऱ्या हिसक्याला सुटली. दस्ता जिथे लोखंडाला भेटतो तिथे लाकडात बारीक तडा आहे का, नखाने चाचपायचं. शेवटी खोटी काडतुसं भरून पंप मारून बघितला, सगळी बाहेर पडली, उजवीकडे. चोक एकच होता, मॉडिफाइड (मध्यम आवळणारा), बाकीचे दोन हरवलेले. त्याबद्दल त्याने दहा डॉलर कमी करायला नकार दिला आणि एक फुल (जास्त आवळणारा) चोक ड्रॉवरमधून काढून दिला, ते जास्त बरं झालं.

फॉर्म ४४७३. दुकानातून बंदूक घेताना भरायचा फेडरल फॉर्म, सगळ्यांना हाच भरावा लागतो. नाव, पत्ता, जन्मस्थळ, मग हो-नाहीचे प्रश्न. तुमचा सध्याचा पत्ता आणि ओळखपत्रावरचा पत्ता एकच पाहिजे, घर बदललं असेल तर आधी ड्रायव्हिंग लायसन्सवर बदलून घ्या. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आहात का, हो. अपवादात बसता का, हो. इथे खोटं लिहिणं हा मोठा गुन्हा आहे, आणि घाईत चुकीच्या चौकोनात फुली मारणं फार सोपं आहे, म्हणून मी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. आय-९४चा नंबर लागतो. ज्यांचं एक्स्टेन्शन इथेच झालंय त्यांच्या आय-७९७च्या तळाला नवीन आय-९४ जोडलेला असतो, मी तो आणि वेबसाइटवरची प्रिंट दोन्ही नेलं होतं. मालकाने हंटिंग लायसन्सची कॉपी काढून फॉर्मला जोडली, त्यावरची मुदत स्वतः दोनदा वाचली, आणि मग एफबीआयच्या चौकशीसाठी नाव पाठवलं.

उत्तर तीनपैकी एक येतं: पुढे जा, थांबा, नकार. माझं "थांबा" आलं. मला घाम फुटला पण तो म्हणाला व्हिसावाल्यांचं बहुतेक वेळा असंच होतं, इमिग्रेशनच्या रेकॉर्डशी वेगळं पडताळतात. तीन कामाचे दिवस उलटले आणि उत्तर नाही आलं तर कायद्याने दुकानदार बंदूक देऊ शकतो, पण द्यायलाच पाहिजे असं नाही, काही दुकानं थांबतात. शनिवार-रविवार धरत नाहीत. तो वीकेंड माझा फार वाईट गेला, डोक्यात नाही नाही ते, की आता हे रेकॉर्डवर राहणार, पुढच्या एक्स्टेन्शनला विचारणार. बुधवारी १२ जूनला दुपारी त्याचा फोन आला, पुढे जा आलंय म्हणून. टॅक्ससकट २९८ डॉलर.

एक सूचना. टेक्सासमध्ये दोन रहिवासी आपापसात बंदूक विकू शकतात, चौकशी न करता, आणि ऑफिसमधल्या एकाने मला तशी देऊ केली होती, स्वस्तात. मी नाही म्हणलं. आपल्या परिस्थितीत तो ४४७३ आणि त्याला जोडलेली लायसन्सची कॉपी हा आपलाच पुरावा आहे, तो शंभर डॉलर वाचवण्यासाठी सोडू नये.

घरी लोखंडी कपाट, १२० डॉलर, भिंतीच्या आतल्या लाकडाला बोल्ट मारून. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी घरात सात वर्षांचं पोर आहे. काडतुसं वेगळी, कुलपात. केबलचं कुलूप दुकानदाराने फुकट दिलं. मुलीला एकदा सगळं दाखवलं, रिकामी, उघडी, आणि सांगितलं की कुणाच्याही घरी दिसली तर हात न लावता मोठ्या माणसाला सांगायचं.

सराव ताईकडे. तिथे आधी दोन गोष्टी बघितल्या. काउंटीला १० एकर किंवा त्याहून लहान प्लॉटच्या वसाहतीत गोळीबारावर बंदी घालता येते, ताईची जागा मोठी आहे त्यामुळे तो प्रश्न नव्हता, आणि छर्रे शेजाऱ्याच्या हद्दीत जाता कामा नयेत, त्यामुळे तळ्याच्या बांधाकडे तोंड करून मारायचं ठरलं. मोठ्या तपकिरी कागदावर ३० इंचाचं वर्तुळ, मध्ये ठिपका, ३० यार्डांवर. सहा नंबरच्या (नंबर छऱ्याच्या आकाराचा, मोठा नंबर म्हणजे बारीक छर्रा) एक औंसच्या काडतुसात सव्वादोनशेच्या आसपास छर्रे असतात, किती वर्तुळात बसले ते पेनाने टिकमार्क करत मोजायचे. कंटाळवाणं काम आहे, ताईसुद्धा मदतीला बसली, भाजी निवडल्यासारखे आम्ही दोघी अंगणात भोकं मोजत होतो. पण यातूनच कळलं की तीन नंबरच्या बकशॉटला, ज्यात फक्त २० मोठे छर्रे असतात, माझ्या नळीत मॉडिफाइडच बरा, फुल चोकने ते एका बाजूला गुच्छ करून जात होते. दुसऱ्याच्या बंदुकीत उलटं होऊ शकतं. बकशॉट पाच काडतुसांना सातेक डॉलर, त्यामुळे सरावाला स्वस्त साडेसात नंबर, २५चा डबा नऊ-दहा डॉलर, आणि दोन-तीन बार बकशॉटचे खात्रीपुरते. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा यांत काटकसर करू नका.

१५ ऑगस्टला नवीन लायसन्स काढलं, सोबत ७ डॉलरचं स्थलांतरित पक्ष्यांचं एन्डॉर्समेंट, ते डव्हला लागतं. काउंटरवर गेल्या वर्षी किती पक्षी मारले असले प्रश्न विचारतात, ते सर्वेक्षण असतं, घाबरू नका. डव्हसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत, म्हणून मॅगझीनमध्ये लाकडी काठी घालतात. माझ्या बंदुकीतली आधीच्या मालकाने काढून टाकलेली, हार्डवेअरच्या दुकानातून गोल काठी आणून भावोजींनी डाव्या हाताने करवतून दिली. १ सप्टेंबर, डव्हच्या हंगामाचा उत्तर विभागातला पहिला दिवस, रविवार. दिवसाला १५ची मर्यादा आहे, मला तिच्या जवळपास जायचीही वेळ आली नाही. जे चार मिळाले त्याचं ताईने मालवणी मसाला घालून सुकं केलं. हाडंच जास्त.

कायोटीचा हिवाळा वेगळा. तिथे बंदूक दहा टक्के, वारा आणि गप्प बसणं नव्वद टक्के. जखमी सशाचा आवाज काढणारा छोटा स्पीकर लांब ठेवायचा, आपण वारा जिकडे वाहतो त्या बाजूला सीडरच्या झाडाला पाठ लावून बसायचं, कारण तो हमखास वळसा घेऊन वास घ्यायला येतो. मी ३० यार्डांवर छोट्या लाल खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या, त्याच्या पलीकडे चाप ओढायचाच नाही. जानेवारीत एक आला, खुंटीच्या बराच मागे थांबला, माझ्याकडे बघितलं आणि गेला. बारा बोअरवाल्याने कदाचित मारला असता. फेब्रुवारीत एक पहाटे आतपर्यंत आला आणि एका बारात पडला. नंतर हात बराच वेळ थरथरत होते, जेवण गेलं नाही. मोकळं माळरान असेल तर छऱ्याच्या बंदुकीच्या नादी लागू नका, तिथे रायफलच लागते.

आणि करडांचं विचाराल तर या वर्षीची वाचली ती जास्त करून दोन गोष्टींमुळे, रात्री शेळ्या आत घ्यायला उंच जाळीचा गोठा केला, आणि ग्रेट पिरनीज जातीचं राखणीचं पांढरं कुत्रं आता मोठं झालं. एक कायोटी कमी केल्याने कायोटी कमी होत नाहीत, त्याच्या जागी दुसरा येतो. ज्यांच्याकडे पैसे एकाच गोष्टीचे आहेत त्यांनी आधी जाळी करावी.

वकीलबाईंच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधून ठेवलं. नोकरी गेली तर साठ दिवस मिळतात, त्यात घर, गाडी, शाळा, सगळंच बघायचं असतं, आणि बंदूक भारतात नेण्याचा तर प्रश्नच नाही. त्या दुकानमालकाला जाऊन विचारलं, तो म्हणाला कधीही आण, गंज चढू दिला नाहीस तर १८० ते २०० देईन. त्याच्या कार्डामागे त्याने ते लिहून दिलं, तारीख टाकून. कार्ड, ४४७३च्या दिवशीची पावती आणि चालू लायसन्सची कॉपी एकाच फोल्डरमध्ये आय-७९७च्या मागे लावलंय. नवऱ्याने पुढच्या महिन्याच्या हंटर एज्युकेशनच्या वर्गात नाव घातलंय, शिकारीत त्याला काडीचा रस नाही, त्याला फक्त कपाटाची किल्ली हवीय.